आभासी यंत्राला खऱ्याची मर्यादा

घराच्या कोपऱ्यात लुकलुकणारा इंटरनेटचा राउटर, दूरचित्रवाणीला जोडलेली पेटी, मोटारीच्या पुढच्या फळीवरचा पडदा, कारखान्यातील मापनयंत्र अशा ज्या वस्तूंना आपण संगणक म्हणत नाही, परंतु ज्यांच्या उदरात एक लहानसा संगणक अहोरात्र राबत असतो, त्यांपैकी पुष्कळशा वस्तू आज लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. २०१८ सालच्या टोयोटा कॅम्रीतील पडदा ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स या सामायिक प्रकल्पातून सिद्ध झालेल्या प्रणालीवर आधारलेला होता, आणि १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळाच्या विरळ हवेत उडालेले इंजेन्युइटी हे चिमुकले हेलिकॉप्टरही लिनक्सच चालवीत होते. अशी यंत्रे विकत घेणाऱ्याला त्यांच्या आतील प्रणाली कोठे घडली, कोणी तपासली आणि कशावर चालवून पाहिली याची विचारपूस करण्याचे कारण सहसा पडत नाही. तथापि या प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न केवळ अभियंत्यांच्या दालनात बंद करून ठेवण्याजोगा नाही असे माझे मत आहे, आणि म्हणूनच इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम, याच्या सेटिंग्जसारख्या वरवर अत्यंत रुक्ष दिसणाऱ्या विषयावर वृत्तपत्राच्या वाचकांपुढे लिहिण्याचे योजिले आहे.

अशा यंत्राची प्रणाली त्या यंत्रावर तयार होत नाही, कारण त्याच्या आतील इवल्याशा संगणकात, म्हणजे बोर्डात, तेवढी ताकद नसते. ती तयार होते दुसऱ्या, मोठ्या संगणकावर. २००१ पासून चालत आलेले बिल्डरूट, किंवा लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली २०१० मध्ये जाहीर झालेला योक्टो प्रकल्प, यांपैकी एखाद्या साधनसंचाला आपल्या बोर्डाचे वर्णन आणि हव्या त्या घटकांची यादी दिली, म्हणजे ते साधन जगभरातून मूळ संहिता उतरवून घेते, ती परक्या प्रोसेसरसाठी संकलित करते आणि शेवटी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, व फाइल-प्रणाली मिळून एक इमेज हवाली करते. या कामाला कित्येक तास लागतात, आणि योक्टोच्या बाबतीत शंभर गिगाबाइटच्या घरात डिस्क अडकून पडते. एवढ्या खटाटोपानंतर जी इमेज हाती येते ती चालते की नाही हे पाहण्यासाठी बोर्ड हवा. आणि बोर्ड तर बहुधा अजून कारखान्यातून आलेला नसतो, आलाच तर एकच असतो, आणि त्या एकावर दहाजणांचा डोळा असतो. इम्युलेटरची गरज येथे उत्पन्न होते.

फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये क्यूएमयू हा इम्युलेटर लोकांपुढे ठेवला आणि २००५ च्या युसेनिक्स परिषदेतील निबंधात त्याची अंतर्गत रीत विशद केली. परक्या प्रोसेसरच्या आज्ञांचे छोटे छोटे गट घ्यावयाचे, ज्यावर इम्युलेटर चालतो त्या यजमान संगणकाच्या आज्ञांत त्यांचे तत्क्षणी भाषांतर करावयाचे, ते भाषांतर जपून ठेवावयाचे आणि पुन्हा तीच वाट आली की तेच वापरावयाचे, असा त्या रीतीचा सारांश सांगता येईल. प्रोसेसरखेरीज क्यूएमयू संपूर्ण बोर्डाचेही सोंग घेतो. म्हणजे स्मृती, घड्याळ, डिस्क, जाळ्याचे कार्ड, सिरियल पोर्ट ही सारी उपकरणे तो प्रोग्रामच्या रूपाने उभी करतो, आणि आतील कर्नलला आपण खऱ्या लोखंडावर नाही याचा पत्ता बहुतेक वेळा लागत नाही. ही सिद्धी असामान्य आहे, आणि ती कोणाचीही परवानगी न मागता, एक पैसाही न भरता कोणालाही वापरता येते, याबद्दल त्या माणसाचे आणि त्याच्यानंतर हे काम पुढे नेणाऱ्या शेकडो जणांचे उपकार मानावे तितके थोडेच होत.

परंतु आभासी बोर्ड कसा असावा हे क्यूएमयू ठरवीत नाही. ते ठरविणारा माणूस असतो, आणि त्याचा तो निर्णय आज्ञेच्या एका लांबलचक ओळीत किंवा एखाद्या लहानशा फाइलीत लिहिलेला असतो. स्मृती किती, प्रोसेसर कोणता, घड्याळात वाजले किती, डिस्क कशाची, जाळे कोणत्या मार्गाने बाहेर पडणार, हे सर्व त्या ओळीत सांगावे लागते. जे सांगितले नाही ते क्यूएमयू स्वतःच्या शिरस्त्याप्रमाणे गृहीत धरतो. या ओळीबद्दल माझे म्हणणे एकच आहे: आभासी बोर्डाला खऱ्या बोर्डापेक्षा अधिक काहीही देऊ नये, आणि जे दिले आहे ते सर्वांना वाचता येईल अशा दप्तरात नोंदलेले असावे. हे म्हणणे साधे दिसते, पण व्यवहारात त्याचे पालन फार थोड्या ठिकाणी होते.

स्मृतीपासूनच आरंभ करू. ज्या बोर्डावर १२८ मेगाबाइट स्मृती आहे त्याची इमेज इम्युलेटरमध्ये चालविताना अभियंता आज्ञेत दोन गिगाबाइट लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या मेजावरच्या संगणकात स्मृतीला तोटा नसतो आणि काम लवकर उरकते. परिणाम असा होतो की, जी प्रक्रिया दर तासाला थोडी थोडी स्मृती गिळंकृत करते आणि परत देत नाही, ती आभासी बोर्डावर आठवडाभर सुखेनैव नांदते आणि खऱ्या बोर्डावर मध्यरात्री कर्नलच्या हातून मारली जाते. क्यूएमयूमधील काही बोर्डांचे नमुने या बाबतीत माणसापेक्षा कठोर आहेत. एआरएम प्रोसेसरांचा जुना व्हर्सटाइल पीबी हा नमुना २५६ मेगाबाइटपेक्षा अधिक स्मृती मागितली की सरळ नकार देतो, आणि रास्पबेरी पाय ३बी या बोर्डाचा नमुना बरोबर एक गिगाबाइटच मान्य करतो. कमी नाही, जास्त नाही. उलट 'व्हर्ट' या नावाचा जो सामान्य नमुना आज सर्वत्र वापरला जातो, तो कोणत्याही खऱ्या बोर्डाचे प्रतिबिंब नसल्यामुळे त्याला मागाल तेवढी स्मृती देता येते. सोय मोठी आहे. पण तेथे मर्यादेचे भान ठेवण्याची सगळी जबाबदारी आज्ञा लिहिणाऱ्यावर येऊन पडते. योक्टोमध्ये त्यासाठी क्यूबी-मेम या नावाचे एक चल राखून ठेवलेले आहे, आणि त्यात खऱ्या बोर्डाचा आकडा भरण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीतही हीच कथा, फक्त दोष अधिक गुप्त. क्यूएमयूला 'मॅक्स' असे सांगितले की तो आपल्याला अवगत असलेल्या सर्व शक्तींनिशी उभा राहतो. आता समजा, संकलनाच्या वेळी चुकून एआरएमच्या आठव्या पिढीच्या पहिल्या सुधारणेतील अविभाज्य क्रियांच्या नव्या आज्ञा वापरण्याची मुभा दिली गेली, आणि विक्रीस जाणाऱ्या पेटीत मात्र कॉर्टेक्स-ए५३ हा प्रोसेसर आहे, ज्याला त्या आज्ञा येत नाहीत. 'मॅक्स' प्रोसेसरवर ती इमेज निर्वेध चालेल, सर्व चाचण्या उत्तीर्ण होतील, दाखला मिळेल. आणि खऱ्या बोर्डावर पहिल्याच वापरात 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोन शब्द उमटवून प्रोग्राम कोसळेल. आज्ञेच्या ओळीत 'मॅक्स'च्या जागी 'कॉर्टेक्स-ए५३' लिहिले असते तर हाच दोष बिल्ड झाल्या दिवशीच उघडकीस आला असता.

सर्वांत शिकविणारे उदाहरण घड्याळाचे आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक वाटते. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या बोर्डांवर, तसेच बाजारातील असंख्य स्वस्त उपकरणांत, वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नसते. असे यंत्र सुरू झाले की त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० ही तारीख असते, किंवा फार तर इमेज ज्या दिवशी घडली तो दिवस. खरी वेळ त्याला जाळ्यावरून विचारून घ्यावी लागते. आता ते यंत्र कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित मार्गाने बोलू पाहते, सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो, आणि यंत्र ते पाहून म्हणते की हे प्रमाणपत्र अजून अमलातच आलेले नाही, कारण त्यावरची आरंभाची तारीख अर्धशतकानंतरची आहे. जोडणी फेटाळली जाते. वेळ विचारण्याची सोयच जर त्या सुरक्षित जोडणीनंतर ठेवलेली असेल, तर यंत्र कायमचे अडकून पडते. त्याला वेळ कळल्याखेरीज दार उघडत नाही आणि दार उघडल्याखेरीज वेळ कळत नाही. इम्युलेटरमध्ये हा प्रसंग सहसा येत नाही, कारण क्यूएमयू 'व्हर्ट'सारख्या आभासी बोर्डाला एक बिनचूक घड्याळ बहाल करतो आणि ते यजमान संगणकाच्या वेळेवर लावून देतो. अभियंत्याने ते मागितलेले नसते. न मागता मिळालेले असते, आणि म्हणूनच ते मिळाले आहे याची त्याला जाणीवही नसते. यावरचा उपाय क्यूएमयूमध्येच आहे. घड्याळाच्या पर्यायात आरंभीची तारीख लिहिता येते, आणि तेथे १९७० सालचा पहिला दिवस लिहिला की आभासी बोर्ड त्या गरीब पेटीच्या अवस्थेत जागा होतो. वीज जाऊन येणे ही ज्या देशात नित्याची गोष्ट आहे, त्या देशासाठी बनणाऱ्या प्रत्येक यंत्राची इमेज या एका सेटिंगखाली एकदा तरी बूट करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

यादृच्छिक संख्यांचेही असेच. योक्टोचे रनक्यूएमयू हे साधन आभासी बोर्डाला यजमानाकडून यादृच्छिकतेचा अखंड पुरवठा जोडून देते, आणि खरा बोर्ड मात्र सुरुवातीच्या काही क्षणांत त्या बाबतीत कंगाल असू शकतो. गुप्त किल्ली घडविण्याचे काम नेमके त्याच क्षणी निघते.

येथवर जे सांगितले ते औदार्याचे दोष. पण सेटिंग चुकल्यामुळे निष्कारण हैराण होण्याचेही प्रसंग पुष्कळ असतात, आणि नवख्या विद्यार्थ्याचा उत्साह तेथेच मावळतो. इमेज घडली, आज्ञा दिली, आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. एक अक्षरही नाही. विद्यार्थी समजतो की कर्नल मेला. तो पुन्हा बिल्ड करतो, रात्र वाया घालवितो. वास्तविक कर्नल आत पूर्ण जागा असतो, केवळ त्याला बोलण्यासाठी जे दार दाखविले ते त्या बोर्डावर अस्तित्वातच नसते. 'व्हर्ट' नमुन्यावरचा सिरियल पोर्ट कर्नलला टीटीवायएएमए० या नावाने ठाऊक असतो, आणि विद्यार्थ्याने सवयीने, साध्या संगणकावरच्या पाठांत पाहिलेले, टीटीवायएस० हे नाव लिहिलेले असते. एवढीच दोन-तीन अक्षरे दुरुस्त केली की दाबून धरलेला सगळा मजकूर भराभर वाहू लागतो. त्यापुढचा अडथळा ठरलेला: कर्नल सर्व तयारी करतो आणि शेवटी मूळ फाइल-प्रणाली सापडत नाही म्हणून हाय खातो. डिस्क व्हर्टआयओ पद्धतीने जोडलेली असेल तर तिचे नाव व्हीडीए, आणि आज्ञेत मात्र एसडीए लिहिलेले. तिसरा अडथळा जाळ्याचा. क्यूएमयूच्या साध्या जाळ्यात आतील यंत्राला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, वेबपाने उतरतात, सर्व काही ठीक असते. पण पिंग ही आज्ञा बहुतेक ठिकाणी उत्तर आणीत नाही, आणि जो जाळे तपासण्याची एवढीच रीत शिकलेला असतो तो तुटलेले नसलेले जाळे दुरुस्त करीत बसतो. या गोष्टी अवघड मुळीच नाहीत. त्या कोणीतरी, कोठेतरी, आपल्या भाषेत एकदा नीट लिहून ठेवलेल्या नसतात, इतकेच.

जाळ्याच्या संदर्भात एक गंभीर सूचना करणे भाग आहे. चाचणीच्या सोयीसाठी योक्टोच्या इमेजमध्ये मुख्य प्रशासकाचा पासवर्ड रिकामा ठेवण्याची प्रथा आहे, आणि आतील यंत्रात शिरता यावे म्हणून यजमान संगणकाचे २२२२ हे दार आतील २२ क्रमांकाच्या दाराशी जोडतात. हे जोडताना यजमानाचा पत्ता लिहिला नाही, तर ते दार केवळ त्याच संगणकापुरते न राहता त्या संगणकाच्या प्रत्येक जाळ्यावर उघडे राहते. म्हणजे महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या वायफायवर बसलेल्या कोणालाही पासवर्डाशिवाय आत येण्याचे निमंत्रण मिळते. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ लिहिले की प्रश्न मिटतो. त्याहून मोठा धोका असा की, चाचणीची ती रिकाम्या पासवर्डाची इमेज आणि विक्रीची इमेज यांत भेद करणारी ओळ एकच असते, आणि ती काढण्याचे राहून गेले तर तेच रिकामे कुलूप गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते.

माझ्या या आग्रहावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारार्ह आहे. दिवसातून वीस वेळा इमेज चालवून पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी दरिद्री यंत्र का द्यावे? भाषांतराच्या मार्गाने चालणारा परका प्रोसेसर मुळातच मंद असतो. त्याऐवजी यजमानाच्याच जातीच्या प्रोसेसरसाठी इमेज बनविली, तर फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत आलेल्या केव्हीएम या सोयीच्या साह्याने ती जवळजवळ खऱ्या वेगाने धावते, आणि वेग हाही कामाचा एक गुण आहे. मी हे मान्य करतो. रोजच्या कामासाठी ऐसपैस यंत्र अवश्य ठेवावे. परंतु त्याच्याच शेजारी दुसरी, काटेकोर सेटिंग असावी, तिच्यात खऱ्या बोर्डाची स्मृती, खरा प्रोसेसर, हरवलेले घड्याळ हे सर्व असावे, आणि 'झाले' असा शेरा मारण्याचा अधिकार फक्त दुसरीला असावा. योक्टोमध्ये इमेज आपोआप बूट करून तपासण्याची सोय आहेच. ती तपासणी रात्री या काटेकोर यंत्रावर लावून दिली तर दिवसाच्या वेगाला कोठेही बाध येत नाही.

आणि हे सर्व करूनही इम्युलेटरचा शब्द अखेरचा मानता कामा नये. क्यूएमयू आज्ञांचा अर्थ बिनचूक लावतो, पण त्यांना लागणारा काळ तो मोजून देत नाही. त्यामुळे 'आमच्या इम्युलेटरवर बूट होण्यास इतके सेकंद लागले' या विधानाला खऱ्या बोर्डाविषयी काहीही प्रमाणमूल्य नाही. त्याची डिस्क झिजत नाही, तापमान चढत नाही, लेखन चालू असताना वीज ऐनवेळी जात नाही. या कसोट्या बोर्डावरच घ्याव्या लागतात आणि त्यांच्यासाठी बोर्ड विकत घ्यावेच लागतात. इम्युलेटर आहे म्हणून बोर्डांच्या खर्चाला कात्री लावणारा व्यवस्थापक आपल्याच गिऱ्हाइकावर प्रयोग करीत असतो, असे मी स्पष्ट म्हणतो.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा संबंध दूरचा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात मोटारींचे कारखाने आहेत आणि मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कचेऱ्याही आहेत. त्या कचेऱ्यांत जाऊ इच्छिणारा विद्यार्थी ज्या जिल्ह्याच्या गावी अभियांत्रिकी शिकतो, तेथील प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या हाती एकेक बोर्ड देण्याची ऐपत अनेक संस्थांना नसते, आणि जे बोर्ड असतात ते मोडतील या धास्तीने कपाटात राहतात. अशा ठिकाणी क्यूएमयू ही फार मोठी तजवीज आहे. तो मोडत नाही. चुकीची इमेज चढविली तर बंद करून पुन्हा सुरू करता येतो. आणि 'स्नॅपशॉट' हा पर्याय दिला की आत केलेले सर्व बदल पुसले जाऊन मूळ डिस्क अबाधित राहते. बिल्डरूटमध्ये तर क्यूएमयूसाठी तयार संरचना बरोबरच येतात आणि चालविण्याची आज्ञाही सोबत लिहिलेली असते, त्यामुळे साधारण बेताच्या संगणकावरही एका दिवसात विद्यार्थी स्वतः घडविलेला कर्नल स्वतःच्या डोळ्यांनी बूट होताना पाहू शकतो. ज्या अभ्यासक्रमात कार्यप्रणाली हा विषय फळ्यावरच्या आकृत्यांनी उरकला जातो, तेथे एवढा एक प्रयोग सक्तीचा केला तर किती फरक पडेल! मात्र शिक्षकांनी विद्यार्थ्याला तयार आज्ञा नक्कल करण्यास देऊन थांबू नये. स्मृती ६४ मेगाबाइटवर आणून काय होते ते पाहा, घड्याळ मागे नेऊन काय मोडते ते शोधा, कन्सोलचे नाव मुद्दाम चुकवून ती निःशब्द अवस्था ओळखायला शिका, असे स्वाध्याय त्याला द्यावेत.

राहता राहिली नोंदीची गोष्ट, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बहुतेक ठिकाणी इम्युलेटरची ती लांबलचक आज्ञा एका हुशार माणसाच्या संगणकात, त्याच्या टर्मिनलच्या इतिहासात, पडून असते. तो नोकरी बदलतो आणि आज्ञा त्याच्याबरोबर जाते. मागे राहिलेले लोक अंदाजाने दुसरी आज्ञा रचतात, आणि आपण आता निराळ्या यंत्रावर चाचणी घेत आहोत हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. संहितेची प्रत्येक ओळ जेथे तपासून रुजू होते, त्याच भांडारात ही आज्ञाही रुजू झाली पाहिजे; तिच्यात बदल करणाऱ्याने कारण लिहिले पाहिजे; क्यूएमयूची आवृत्ती कोणती वापरली हेही नमूद झाले पाहिजे, कारण आवृत्ती बदलली की उपकरणांचे गृहीत गुणधर्मही बदलू शकतात.

सार्वजनिक पैशाने मीटर, कॅमेरे वा रुग्णालयीन यंत्रे खरेदी करणाऱ्या कचेऱ्यांनी निविदेत एक कलम घालावे: पुरवठादाराने आपली इमेज कोणत्या आभासी यंत्रावर आणि कोणत्या खऱ्या यंत्रावर तपासली याची सेटिंगसह नोंद सादर करावी. आणि जे तरुण अभियंते हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या टर्मिनलमध्ये पडून राहिलेली ती आज्ञा त्यांनी आजच एका फाइलीत उतरवून भांडारात ठेवावी, आणि तिच्यात स्मृतीचा आकडा लिहिताना आपल्या बोर्डाचे डेटाशीट समोर उघडे ठेवावे.